थर्मिक तेलाच्या लाइनमधील बट वेल्ड फिटिंग : निवड, मापे आणि जुळणी

थर्मिक तेलाच्या, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाच्या, लाइनमध्ये तेल अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअस तापमानाला फिरत असते. इतके तापलेले तेल पातळ होते आणि पाणी जिथून झिरपणार नाही अशा बारीक फटीतूनही बाहेर पडते. गळलेले तेल इन्सुलेशनच्या लोकरीत मुरते, तिथे हवेच्या संपर्काने सावकाश तापत जाते आणि बाहेरून ठिणगी पडलेली नसतानाही एखाद्या दिवशी आतल्या आत धुमसू लागते. या कारणाने अशा लाइनमध्ये आट्यांचे जोड ठेवत नाहीत, फ्लँज, म्हणजे बोल्टने जोडायच्या चकत्या, अगदी आवश्यक तेवढेच ठेवतात आणि सर्व वळणे, फाटे व व्यासबदल बट वेल्ड, म्हणजे तोंडाला तोंड लावून वेल्ड करायच्या, फिटिंगने करतात. तळोजा, लोटे किंवा कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत, तसेच इचलकरंजी आणि भिवंडीच्या प्रोसेस हाउसमध्ये अशा लाइन सर्रास असतात, आणि त्यांचे काम अनेकदा छोट्या ठेकेदारांकडे असते. त्या ठेकेदारांच्या सुपरवायझरांना आणि कारखान्यातल्या तरुण मेंटेनन्स अभियंत्यांना उपयोगी पडावे, या हेतूने हे लिहिले आहे.

सोयीसाठी एकच लाइन डोळ्यांसमोर ठेवू : सहा इंची, शेड्यूल ४० (जाडीचा मानक क्रमांक), ए-१०६ ग्रेड बी (कार्बन स्टीलची एक प्रत), सीमलेस म्हणजे शिवणरहित पाइपची, हीटरपासून पंपापर्यंत आणि पुढे चार इंची फाट्यांपर्यंत जाणारी. मापे त्या लाइनची दिली असली तरी पद्धत इतर कार्बन स्टील लाइनलाही तशीच लागू पडते. अनेक वर्षे फिटअप, म्हणजे वेल्डआधीची जुळणी, तपासल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, नापास झालेल्या जोडाचा दोष आपण वेल्डरच्या माथी मारतो, पण त्याचे मूळ बहुतेक वेळा त्याआधीच्या दोन टप्प्यांत सापडते : खरेदीच्या कागदात आणि पाइप-फिटिंगच्या जुळणीत. त्यामुळे या दोन टप्प्यांवर मी अधिक वेळ थांबणार आहे.

कुठे कोणते फिटिंग

साधारणपणे दोन इंच आणि त्यावरील लाइनला बट वेल्ड आणि दीड इंच व त्याखाली सॉकेट वेल्ड (पाइप फिटिंगच्या खोबणीत घालून केलेला वेल्ड) असा रिवाज आहे. बट वेल्ड जोडात दोन्ही तुकडे समोरासमोर येतात, आतला मार्ग सलग राहतो, तेल अडकून जळेल अशी खाच उरत नाही आणि जोडाचा एक्स-रे काढता येतो.

वळणासाठी लाँग रेडियस एल्बोच घ्यावा. त्याच्या मध्यरेषेची त्रिज्या नाममात्र व्यासाच्या दीडपट असते, तर शॉर्ट रेडियसची नाममात्र व्यासाइतकीच असते. जागेची अगदीच अडचण असल्याशिवाय शॉर्ट रेडियस वापरू नये, कारण त्यात दाबाचा तोटा वाढतो आणि वळणावरचा ताणही वाढतो. थर्मिक तेलाच्या लाइनमध्ये या ताणाला विशेष महत्त्व आहे. तापमान अडीचशे अंशांनी वाढले की कार्बन स्टीलची लाइन दर मीटरला तीन मिलिमीटरहून अधिक लांबते, म्हणजे वीस मीटरची सरळ लाइन साठ मिलिमीटरहून जास्त सरकते. ही सरक शेवटी एल्बोच आपल्या अंगावर घेतात. पाइपचे तिरके काप जोडून केलेला मायटर बेंड अशा ठिकाणी कधीही चालवून घेऊ नये.

फाट्यासाठी पाइपला भोक पाडून त्यावर दुसरा पाइप उभा करण्याची सवय आपल्याकडे फार आहे. पाण्याच्या लाइनवर ते खपून जाते. तेलाच्या लाइनवर मात्र तयार रिड्यूसिंग टी घ्यावा, कारण टीच्या कोपऱ्यात धातूची जाडी आणि गोलाई दोन्ही मिळतात आणि जोड त्या ताणलेल्या कोपऱ्यापासून दूर जातो. सहा बाय चार इंची टीच्या मध्यापासून मुख्य लाइनच्या टोकापर्यंत १४३ मि.मी. आणि फाट्याच्या टोकापर्यंत १३० मि.मी. अंतर असते.

रिड्यूसर, म्हणजे व्यास बदलणारे फिटिंग, दोन प्रकारचे असतात आणि चुका याच निवडीत सर्वाधिक होतात. उभ्या लाइनमध्ये कॉन्सेंट्रिक, म्हणजे दोन्ही टोकांची मध्यरेषा एक असलेला, घ्यावा. आडव्या लाइनमध्ये एक्सेंट्रिक घ्यावा, पण त्याची सपाट बाजू कोणत्या दिशेला ठेवायची हे ड्रॉइंगवर स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. पंपाच्या सक्शनला आडवी लाइन येत असेल, तर सपाट बाजू वर हवी, म्हणजे वरच्या अंगाला हवेचा किंवा वाफेचा खिसा साठत नाही. पाइप रॅकवर मात्र सपाट बाजू खाली ठेवतात, कारण पाइपचा तळ आधारावर एकाच पातळीत राहतो आणि लाइन रिकामी करताना तेल मागे अडून बसत नाही. सहा बाय चारच्या रिड्यूसरची लांबी १४० मि.मी. असते आणि दोन्ही टोकांच्या मध्यरेषांत २७ मि.मी.चा फरक पडतो. हा फरक पंपाच्या नोजलची उंची ठरवताना धरला नाही, तर शेवटी फिटर चेनब्लॉकने ओढून फ्लँज बसवतात आणि तो ओढ आयुष्यभर पंपाच्या बेअरिंगवर राहतो. एका कारखान्यात पंप सुरू केल्यावर गोटे फिरल्यासारखा आवाज येत होता. आम्ही दोन दिवस पंपच खोलून पाहत राहिलो आणि तिसऱ्या दिवशी सक्शनचा रिड्यूसर उलटा बसल्याचे लक्षात आले. तो जोड माझ्याच देखरेखीखाली झाला होता, म्हणून तेव्हापासून मी रिड्यूसरच्या सपाट बाजूवर टॅकिंगच्या (वेल्डचे तात्पुरते टाके देण्याच्या) आधी खडूने मोठा बाण काढून घेतो.

खरेदीच्या कागदात काय लिहावे

‘सहा इंची एमएस बेंड, हेवी’ एवढेच लिहून मागणी पाठवली, तर दुकानदार त्याच्याकडे जे असेल ते देईल आणि त्यात त्याचा दोष म्हणता येणार नाही. मागणीत सहा गोष्टी एका ओळीत याव्यात : फिटिंगचा प्रकार, नाममात्र व्यास, शेड्यूल, धातूची ग्रेड, मापांचे मानक आणि सीमलेस की वेल्डेड. आपल्या लाइनसाठी ती ओळ अशी होईल : ‘९० अंश लाँग रेडियस एल्बो, ६ इंच, शेड्यूल ४०, एएसटीएम ए-२३४ डब्ल्यूपीबी, सीमलेस, एएसएमई बी १६.९, टोके बी १६.२५ प्रमाणे बेव्हल केलेली.’ बेव्हल म्हणजे वेल्डसाठी टोकाला दिलेला उतार. सोबत हीट नंबर (धातूच्या ओतीचा क्रमांक) असलेले, ईएन १०२०४ च्या ३.१ प्रकारचे टेस्ट सर्टिफिकेट मागावे.

ए-२३४ डब्ल्यूपीबी ही ग्रेड ए-१०६ ग्रेड बी पाइपच्या जोडीची आहे. त्यात कार्बन जास्तीत जास्त ०.३० टक्के, ताणशक्ती ४१५ ते ५८५ मेगापास्कल, यील्ड (धातू कायमचा ताणला जाऊ लागण्याची मर्यादा) किमान २४० मेगापास्कल आणि कठीणपणा जास्तीत जास्त १९७ ब्रिनेल असतो. लाइन उणे तापमानात, म्हणजे चिलिंग प्लांटमध्ये किंवा अमोनियावर जाणार असेल, तर ए-४२० डब्ल्यूपीएल ६ लागते, जिची आघात चाचणी उणे ४५ अंशांला घेतलेली असते. उलट बाजूला, सुमारे ४२५ अंशांच्या वर दीर्घकाळ राहिल्यास कार्बन स्टीलमधला कार्बन ग्राफाइटच्या रूपात सुटू लागतो आणि धातू ठिसूळ होतो, म्हणून तिथे मिश्रधातूच घ्यावा. लाइन वाफेची असेल आणि बॉयलर नियमांच्या कक्षेत येत असेल, तर फिटिंगसोबत फॉर्म ३-सी येणे आवश्यक आहे. माल लाइनवर चढल्यानंतर तो कागद मिळवणे जवळजवळ अशक्य असते, हे खरेदी खात्याला आधीच सांगून ठेवावे.

आता जाडीकडे वळू. सहा इंची शेड्यूल ४० पाइपचा बाहेरचा व्यास १६८.३ मि.मी. आणि जाडी ७.११ मि.मी. असते. शेड्यूल ८० ला बाहेरचा व्यास तोच राहतो, पण जाडी १०.९७ मि.मी. होते. म्हणजे वाढलेली सगळी जाडी आतल्या बाजूला जाते. ‘शेड्यूल ४० मिळत नाही, शेड्यूल ८० लावा, जाड आहे म्हणजे चांगलेच आहे’ असे बाजारात हमखास ऐकू येते. पण शेड्यूल ४० च्या पाइपला शेड्यूल ८० चा एल्बो लावला की आत जवळजवळ ३.९ मि.मी.ची पायरी तयार होते, रूट, म्हणजे वेल्डचा सर्वांत आतला पहिला थर, एका बाजूला जाड कडेवर आणि दुसऱ्या बाजूला हवेत पडते आणि जोड नीट पूर्ण भेदत नाही. नाइलाज असेल, तर एल्बोचे तोंड आतून लेथवर उतरते करून पाइपच्या आतल्या व्यासाला आणावे. तो उतार ३० अंशांपेक्षा तीव्र नसावा, आणि जमल्यास चारास एक इतका सौम्य ठेवावा. ग्राइंडरने आतून घासून केलेला उतार सारखा येत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसरा सापळा खास आपल्याकडचा आहे. आयएस १२३९ प्रमाणे येणाऱ्या ‘सी क्लास’ पाइपचा दीडशे मि.मी. नाममात्र व्यासाला बाहेरचा व्यास सुमारे १६५ मि.मी. भरतो, तर बी १६.९ चे फिटिंग १६८.३ मि.मी.चे असते. शिवाय सी क्लासची जाडी ५.४ मि.मी. असते. चार इंचाला दोन्ही मानकांचे बाहेरचे व्यास जवळपास जुळतात, म्हणून चार इंचावर काम केलेल्या माणसाला सहा इंचालाही ते जुळतील असे वाटते, आणि मग बाहेरून दीड मि.मी.ची कड चौफेर दिसू लागते. एकाच लाइनवर पाइप एका मानकाचा आणि फिटिंग दुसऱ्या मानकाचे येऊ देऊ नये, हे मागणीच्या टप्प्यावरच पाहावे. वेल्ड नेक फ्लँजच्या मागणीतही शेड्यूल लिहावे लागते, हे विसरले जाते. ते लिहिले नाही, तर फ्लँजचा आतला व्यास काय येईल ते सांगता येत नाही.

माल उतरल्यावर

प्रत्येक नगावरचा शिक्का वाचावा आणि त्यावरचा हीट नंबर सर्टिफिकेटशी ताडून पाहावा. शिक्क्यात उत्पादकाची खूण, ग्रेड, शेड्यूल, आकार, बी १६.९ आणि हीट नंबर असायला हवा. नुसता रंगाने लिहिलेला मजकूर पुरेसा नाही, आणि खोल ठोकलेला शिक्का पातळ भिंतीवर असेल तर तोही चांगला नाही.

नंतर जाडी मोजावी. चांगला सीमलेस एल्बो तयार करताना कमी व्यासाचा पाइप तापवून शिंगाच्या आकाराच्या मँड्रेलवरून (आतल्या साच्यावरून) ढकलत नेतात, त्यामुळे तो वाकताना फुगतही जातो आणि भिंत सगळीकडे बऱ्यापैकी सारखी राहते. तयार व्यासाचाच पाइप नुसता वाकवला, तर बाहेरची पाठ ताणून पातळ होते आणि आतली बाजू जाड होते. टोकाला व्हर्नियर लावून ही लबाडी कळत नाही. अल्ट्रासॉनिक जाडीमापक घेऊन पाठीच्या मध्यभागी तीन ठिकाणी मोजावे. मानकाप्रमाणे कुठेही नाममात्र जाडीच्या ८७.५ टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही, म्हणजे शेड्यूल ४० च्या सहा इंची एल्बोला ६.२२ मि.मी. ही खालची मर्यादा झाली. सीमलेस म्हणून आलेल्या नगावर लांबीच्या दिशेने घासून गुळगुळीत केलेली पट्टी दिसली, तर ते दोन अर्धे जोडून बनवलेले असण्याची शक्यता असते. आतून बोट फिरवले की शिवण सहसा हाताला लागते.

मापांत ९० अंशांच्या सहा इंची एल्बोला मध्यापासून टोकापर्यंत २२९ मि.मी., आणि ४५ अंशांच्या एल्बोला ९५ मि.मी. असावे. आठ इंचापर्यंत यात दोन मि.मी. कमी-जास्त चालते. टोकाची पातळी गुण्याने पाहावी. पाच ते आठ इंची फिटिंगचे टोक काटकोनापासून दोन मि.मी.पर्यंत ढळलेले असू शकते, आणि ही सवलत उत्पादकाने वापरलेली असेल, तर फिटअपच्या वेळी तुमचा गॅप एका बाजूला दोनचा आणि दुसऱ्या बाजूला चारचा होतो. असे नग वेगळे ठेवून त्यांची टोके आधी घासून घ्यावीत. फिटिंग जमिनीवर रचू नयेत आणि त्यांच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी फिटअपपर्यंत काढू नये. बेव्हलची धार एकदा ठेचली की ती परत करण्यात टोपीच्या किमतीच्या कितीतरी पट वेळ जातो.

मोजून कापणे

पाइपची लांबी काढताना तीन गोष्टी वजा होतात : दोन्ही बाजूंच्या फिटिंगची लांबी, आणि जोडांचे गॅप. दोन ९० अंशांच्या एल्बोंच्या मध्यांत २००० मि.मी. अंतर हवे असेल, तर २००० मधून दोनदा २२९ आणि दोनदा ३ वजा केल्यावर १५३६ मि.मी.चा पाइप कापावा. वेल्ड थंड होताना प्रत्येक जोड एक ते दोन मि.मी. आकसतो, म्हणून लांब स्पूलमध्ये (पाइप-फिटिंग जोडून केलेल्या तयार भागात) शेवटच्या तुकड्याला ५० ते १०० मि.मी. जादा ठेवून तो जागेवर माप घेऊन कापणे शहाणपणाचे असते.

लाइन बाजूला ५०० मि.मी. सरकवायची असेल आणि दोन ४५ अंशांचे एल्बो वापरायचे असतील, तर तिरक्या बाजूची लांबी ५०० ला १.४१४ ने गुणून ७०७ मि.मी. येते. त्यातून दोनदा ९५ आणि दोनदा ३ वजा केल्यावर ५११ मि.मी.चा तुकडा लागतो.

वेगळ्या कोनाचे वळण हवे असेल, तर ९० अंशांचा एल्बो कापून घेता येतो. सहा इंची लाँग रेडियस एल्बोची मध्यरेषेची त्रिज्या २२८.६ मि.मी. आहे. बाहेरच्या पाठीची त्रिज्या त्यात अर्धा व्यास मिळवून ३१२.७५ मि.मी. होते, आणि आतल्या बाजूची तो वजा करून १४४.४५ मि.मी. होते. साठ अंशांचा कोन म्हणजे १.०४७ रेडियन, म्हणून पाठीवर लवचिक पट्टीने ३२७.५ मि.मी. आणि आतल्या बाजूवर १५१ मि.मी. मोजून खुणा कराव्यात आणि त्या खुणांवरून एल्बोभोवती सपाट रेषा मारावी. अशा कापलेल्या एल्बोचे मध्यापासून टोकापर्यंतचे अंतर त्रिज्येला अर्ध्या कोनाच्या टॅनने गुणून, म्हणजे १३२ मि.मी. येते. कापल्यानंतर तीन गोष्टी अनिवार्य आहेत : नव्या टोकाची जाडी आणि गोलाई मोजणे, बेव्हल पुन्हा करणे, आणि उरलेल्या तुकड्यावर हीट नंबर उतरवून ठेवणे. एल्बोच्या मधल्या भागाचा छेद टोकाइतका गोल असेलच असे नाही, म्हणून अशा जोडाला फिटअपमध्ये अधिक वेळ द्यावा लागतो.

बेव्हल आणि फिटअप

फिटिंगचे टोक कारखान्यातून ३७.५ अंशांच्या बेव्हलने येते आणि त्याच्या नाकावर १.६ मि.मी.ची सपाट पट्टी असते, जिला फिटर ‘लँड’ म्हणतात. पाइपचे टोकही तसेच करावे. गॅसने कापलेले असेल, तर कापाची काळी पापडी आणि खरबडे ग्राइंडरने पूर्ण काढून चमकता धातू येईपर्यंत घासावे, आणि जोडापासून आत-बाहेर किमान २५ मि.मी. पट्टा गंज, रंग व तेलापासून मोकळा करावा. गंजरोधक तेल लावलेल्या नव्या फिटिंगबाबत हे विशेष काळजीने करावे, कारण ते तेल जळून रूटमध्ये छिद्रे पडतात.

पाइपच्या परिघाचे चार समान भाग करून खुणा मारून घ्याव्यात. सहा इंची पाइपचा परीघ ५२८.७ मि.मी. आहे, म्हणजे दर १३२ मि.मी.वर एक खूण येते. एल्बोच्या पाठीची आणि पोटाची मध्यरेषाही आखावी. या खुणा जुळवल्या की वळण आपोआप योग्य प्रतलात येते, आणि नुसत्या नजरेने बसवलेल्या एल्बोचे पुढचे टोक दोन मीटरवर किती हुकते ते पाहिले, की या पाच मिनिटांचे मोल कळते. नंतर पाइपवर गुण्या आणि एल्बोवर पाणसळ ठेवून कोन व पातळी पाहावी.

गॅप टिग (आर्गनच्या आवरणात टंगस्टन इलेक्ट्रोडने होणारे वेल्डिंग) रूटसाठी २.५ ते ३ मि.मी. ठेवावा. तार वाकवून गॅपमध्ये अडकवणे ही जुनी आणि चांगली युक्ती आहे, फक्त ती तार चारही बाजूंना फिरवून पाहिली पाहिजे. आतल्या कडा एकमेकींपासून किती वरखाली आहेत ते हाय-लो गेजने मोजावे. मर्यादा वेल्डिंग प्रोसीजरमध्ये लिहिलेली असते, आणि बहुतेक प्रोसीजरमध्ये ती १.६ मि.मी. असते. ही मर्यादा ओलांडली जात असेल, तर पाइप थोडा फिरवून पाहावा. पाइप आणि फिटिंग दोन्ही किंचित लंबगोल असतात, आणि त्यांचे लांबट व्यास एका रेषेत आणले की पुष्कळदा दोष निम्म्यावर येतो. हातोडीने ठोकून किंवा पाचर मारून कड जुळवणे मी कटाक्षाने टाळतो, कारण तो ताण जोडात कायमचा राहतो.

पहिला टाका वरच्या खुणेवर द्यावा, मग पातळी पुन्हा पाहावी. दुसरा त्याच्या समोर, आणि शेवटचे दोन बाजूंना द्यावेत. टाका देणारा माणूसही पात्रता चाचणी उत्तीर्ण वेल्डरच असावा आणि त्याने रूटची तारच वापरावी, कारण हे टाके पुढे जोडाचा भाग होतात. प्रत्येक टाक्याची दोन्ही टोके ग्राइंडरने उतरती करावीत. तडा गेलेला टाका वितळवून बुजवू नये, तो घासून पूर्ण काढावा.

दोन जोडांमधले अंतर किमान एका पाइपच्या व्यासाइतके ठेवावे, असा नियम मी पाळतो. एल्बोला थेट एल्बो जोडता येतो, पण मध्ये ३०-४० मि.मी.चे कडे टाकून लांबी भरणे हा फार वाईट मार्ग आहे. तेवढ्यात दोन जोडांची उष्णता एकमेकांत मिसळते आणि त्या कड्याला कोणताही आधार उरत नाही. पंपाच्या सक्शनपूर्वी किमान पाच व्यासांइतका सरळ पाइप मिळेल, अशी आखणी फिटअपच्या आधीच करावी.

वेल्डिंग

रूट टिगने आणि वरचे थर ७०१८ (कमी हायड्रोजनच्या) रॉडने, ही पद्धत या लाइनसाठी मी सुचवतो. रूटला ईआर ७०एस-२ किंवा ७०एस-६ ही २.४ मि.मी.ची तार आणि शुद्ध आर्गन वापरावा. वाऱ्यात आर्गनचे आवरण फाटते, म्हणून उघड्यावर ताडपत्रीचा आडोसा लावल्याशिवाय रूट सुरू करू नये. ६०१३ रॉड सहज चालतो आणि दिसायला सुबक येतो, तरी दाबाच्या आणि गरम तेलाच्या लाइनवर तो वापरू नये.

७०१८ चे आवरण हवेतली ओल झपाट्याने शोषते, आणि त्या ओलीतला हायड्रोजन जोडात शिरून नंतर तडे पाडतो. कोकणातल्या पावसाळ्यात तर उघड्या डब्यातले रॉड एका पाळीतच निकामी होतात. म्हणून डब्यावर उत्पादकाने दिलेल्या तापमानाला रॉड भाजावेत, मग होल्डिंग ओव्हनमध्ये ठेवावेत, आणि वेल्डरने गरम क्विव्हरमधून (रॉडच्या हातडब्यातून) एकेक काढावा. पावसाळ्यात जोडही आधी गॅसच्या मंद ज्योतीने इतका शेकावा की पृष्ठभागावरची ओल पूर्ण उडून जाईल.

वेल्डरची पात्रता पाहताना त्याचा कागद ६जी (४५ अंशांत तिरक्या, स्थिर पाइपच्या) स्थितीचा आहे का, त्याची जाडीची मर्यादा आपल्या पाइपला पुरते का आणि गेल्या सहा महिन्यांत त्याने ती प्रक्रिया वापरली आहे का, हे तिन्ही पाहावे. सहा महिने खंड पडला तर पात्रता संपते. दर थरानंतर स्लॅग (वेल्डवर जमणारी पापडी) पूर्ण काढावा आणि सुरुवात-शेवटचे बिंदू एकावर एक येऊ देऊ नयेत.

तपासणी आणि चाचणी

नजरेने तपासताना सात मि.मी. भिंतीवर कॅपिंगची (सर्वांत वरच्या थराची) उंची ३ मि.मी.पेक्षा जास्त नसावी आणि कडेचा अंडरकट (वेल्डलगत पडणारी खाच) १ मि.मी.च्या वर नसावा. एएसएमई बी ३१.३ या प्रोसेस पाइपिंगच्या मानकाप्रमाणे नेहमीच्या सेवेच्या लाइनला किमान ५ टक्के जोडांचा एक्स-रे पुरतो. थर्मिक तेलाला मात्र मी किमान २० टक्के आणि पंपाजवळच्या व जागेवर केलेल्या शेवटच्या जोडांना १०० टक्के सुचवतो. एखादा जोड नापास झाला, तर त्याच वेल्डरचे आणखी दोन जोड तपासावेत.

दाबचाचणी डिझाइन दाबाच्या दीडपटीने पाण्याने, किमान दहा मिनिटे घेतात, आणि त्या वेळी जोड उघडे, बिनरंगी असावे लागतात. या लाइनबाबत पाणी हाच मोठा धोका असतो. लाइनच्या खोलगट भागात राहिलेले पाणी तेल शंभर अंशांच्या पुढे गेल्यावर एकदम वाफ होते आणि एक्स्पान्शन टँकमधून तेल फेसाळून बाहेर फेकले जाते. म्हणून शक्य तेवढे स्पूल यार्डातच तपासून, खालची तोंडे उघडून, कोरड्या हवेने फुंकून सुकवावेत. हवेने चाचणी घ्यायची असल्यास ती डिझाइन दाबाच्या १.१ पटीला, दाब टप्प्याटप्प्याने वाढवत आणि परिसर रिकामा करूनच घ्यावी, कारण दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा पाण्याच्या तुलनेत अनेकपट असते.

तेल भरल्यावर पहिल्या दिवशी तापमान शंभर ते एकशे दहा अंशांच्या आसपास थांबवून तेल फिरवत राहावे. एक्स्पान्शन टँकच्या व्हेंटमधून वाफ येणे आणि पंपाचा दाब हेलकावणे पूर्ण थांबेपर्यंत तापमान पुढे वाढवू नये, मग त्याला एक रात्र लागो की दोन. त्यानंतर लाइन कामाच्या तापमानाला नेऊन, थंड करून, प्रत्येक फिटिंगचा जोड स्वच्छ पांढऱ्या कापडाने पुसून पाहावा. कापडावर तेलाचा डाग नसेल, तरच त्या जोडावरचे इन्सुलेशन बंद करण्यास परवानगी द्यावी.